मावशींच्या रश्शातली माझी मूठ

ती. साडूसाहेबांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (पत्राच्या सुरुवातीला हा सगळेच लिहितात आणि घालत कोणीच नाही. या खेपेला मात्र तो खरा धरावा. लवकरच प्रत्यक्ष घालायची वेळ येणार आहे, तेव्हा तुमच्या बैठकीतलं ते बुटकं टेबल आधीच बाजूला सरकवून ठेवावं. मागच्या वेळी मी नुसता वाकलो तरी कपाळाला लागलं होतं.) तुमची पाठ कशी आहे? मोठ्या ताईंचा गुडघा जिना चढू देतो का? ऑफिसात नवे साहेब आलेत म्हणे, ते तुमच्याशी नीट वागतात ना? न वागून सांगतात कोणाला! वजनमापं तपासणाऱ्या माणसाशी वाकडं वागायची कोणाची टाप आहे?

आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुमची मेहुणी मजेत आहे. मी आठवडाभर आळणी जेवतोय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. ताटात मीठ दिसलं की घास घशाखाली उतरत नाही, म्हणून. हिला वाटतं, मला एकदाची तब्येतीची काळजी घ्यायची अक्कल आली. शेजारणींना बोलावून ती माझं ताट दाखवते आणि 'यांच्याकडून शिका' असं त्यांच्या नवऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते. शेजारच्या दोन घरांत मला पाण्यात पाहतात.

असो. ताईंचा काल फोन आला. रविवारी तुम्ही गाडी घेऊन तुमच्या मावशींकडे जाणार, त्यांना कायमचं घरी आणणार आणि त्यांच्या खानावळीला कुलूप लावणार, असं त्या म्हणाल्या. साडूसाहेब, हात जोडतो, हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय निघू नका. (तुम्ही पत्राची पहिली ओळ नि शेवटची ओळ वाचता आणि मधलं ताईंकडे देऊन 'काय म्हणतोय बघ' म्हणता, हे मला ठाऊक आहे. या पत्राचं सगळं मधेच आहे.) फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही त्या तुमच्या तपासणीच्या आवाजात 'हं, बोला' म्हणता ना, तिथंच माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय फोन मधेच ठेवता येतो. मी तो नक्की ठेवला असता.

आता क्रमानं सांगतो. गेल्या वर्षी लग्नाच्या पंगतीत तुम्ही चारचौघांत काय म्हणाला होतात, ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरलो. तुम्ही म्हणालात, आमच्या मावशींच्या हातचा रस्सा एकदा खा, मग तुम्ही तुमचं कॅन्टीन आपण होऊन बंद कराल. सगळे हसले. मीही हसलो. पण उभा जन्म कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी म्हणून काढलेल्या माणसाला ते कुठं लागलं असेल याचा विचार करा. तुम्ही पुढे असंही काही सांगत होतात की मावशींची पद्धत वेगळी आहे, त्या मीठ अमुक वेळी घालतात आणि तमुक करतात. ते मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. स्वयंपाकातलं मी साडूकडून ऐकून घेत नाही, हा माझा बाणा. त्या बाण्यानंच पुढे माझं नाक कापलं.

तर, आम्ही मावशींचं गाव, ती जुनी राजधानी, बघायला गेलो ते राजवाड्यासाठी, असं मी हिला सांगितलं होतं. खरं कारण रस्सा. मावशींच्या रश्शात एखादी खोट काढायची आणि पुढच्या पंगतीत ती हळूच तुमच्या पानात वाढायची, एवढाच माझा राजकीय हेतू होता. राजवाडाही पाहिला म्हणा. एकामागून एक तीन दरवाजे, प्रत्येक आधीच्याहून उंच, आणि शेवटच्यातून आत गेलं की एक खुर्ची, तिच्याभोवती दोरी. हेच सिंहासन. आमच्या मॅनेजरची खुर्ची यापेक्षा ऐसपैस आहे. हिनं मुद्दाम नवी चप्पल घातली होती. ती पहिल्याच दरवाजात चावायला लागली, त्यामुळे राणीचा आरसेमहाल हिनं एक चप्पल पायात आणि एक हातात अशा थाटात पाहिला. आरसे सगळीकडे असल्यानं ते चहूबाजूंनी दिसत होतं.

मी तिथं रमलो तो मुदपाकखान्यात. काय ती चूल! काय तो हंडा! आमच्या कॅन्टीनचं सगळ्यात मोठं पातेलं त्यात वाटीसारखं बसलं असतं. तळ कसा जोडलाय ते बघावं म्हणून मी दोरी ओलांडून आत डोकं घातलं, तर पहारेकऱ्यानं अशी शिट्टी फुंकली की आतल्या आत ती मला चारदा ऐकू आली. मग वाटाड्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की राजाच्या आधी आचाऱ्यानं जेवायचं अशी इथली रीत होती. आणि चव बिघडली, तर त्या आचाऱ्याच्या गळ्यात त्याचाच डाव बांधून त्याला वेशीबाहेर काढायचे. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ही म्हणाली, हसताय काय, तुमच्याच जातकुळीचा होता बिचारा. हल्ली तो आचारी मला रोज आठवतो.

तिथून मागच्या दरवाजानं बाहेर पडलो, तर समोरच मावशींची खानावळ. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिथंच लहानाचे मोठे झालात, मावशींनी तुम्हाला त्याच टेबलांवर अभ्यासाला बसवलं. तरी मी पाहिलं ते सांगतो. दारात ती एक लाकडी खुर्ची, आत स्वच्छ पुसलेली टेबलं, भिंतीवर छत्र्या अडकवायचे खिळे, आणि आतून असा वास, की हिची चप्पल चावायची थांबली. सून गल्ल्यावर होती. (मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे सासू-सून दोघीच सगळं रेटतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.) मी नाव सांगायच्या आत मावशी बाहेर आल्या, ताईंचा फोन आधीच गेला असावा. एवढीशी बाई, चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत. म्हणाल्या, "तुम्ही कॅन्टीनवाले ना? मग बाहेर काय बसताय परक्यासारखे, आत या." सूनबाई बघतच राहिली. नंतर तिनं हिला सांगितलं, की मावशी स्वयंपाकघरात कुणालाच घेत नाहीत, तिलासुद्धा हाक मारल्याशिवाय नाही. मला घेतलं. धंद्यातला माणूस म्हणून मान दिला.

इथून पुढं लिहायला हात चालत नाही. (मधे उठून मी दोन कप चहा करून प्यायलो आणि खिडकीची कडीही दुरुस्त केली. ती महिनाभर सैल होती.)

मागच्या दाराशी गॅसचा माणूस आला आणि मावशी त्याच्याशी बोलायला गेल्या. मी आणि पातेलं, दोघेच उरलो. आता आमच्या कॅन्टीनची शिस्त तुम्हाला माहीत नाही. आमच्याकडे हाताखालची माणसं सगळं करतात, पण मीठ घालत नाहीत. मीठ मुख्य आचाऱ्याचं. सगळी पातेली माझ्यासाठी आळणी ठेवलेली असतात. मी रांगेनं जातो, चाखतो, मूठ टाकतो, पुढं जातो. इतकी वर्षं हेच केलेल्या माणसापुढं उकळतं पातेलं आलं, की हात आपसूक चालतो, त्याला मालकाला विचारायची सवय नाही. मी डावानं दोन थेंब तळहातावर घेतले. साडूसाहेब, तुम्ही पंगतीत म्हणालात ते खोटं नव्हतं. असा रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. फक्त त्यात मीठ नव्हतं.

हात सवयीनं बरणीत गेला, असं मी आठवडाभर स्वतःला बजावतोय. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मला उकळ्या फुटल्या. साडूसाहेबांची मावशी मीठ विसरली! मनातल्या मनात मी पुढच्या पंगतीला जाऊनही बसलो. 'तुमच्या मावशींचा रस्सा त्या दिवशी मी वाचवला हो,' असं तुम्हाला ऐकवलंसुद्धा, आणि सगळे तुमच्याकडे बघून हसले. तोवर मूठ पातेल्यात रिकामी झालेली होती. कॅन्टीनची मूठ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मावशी परत आल्या, गॅस बंद केला, बरणी ओढली आणि मोजून तीन चमचे मीठ रश्शात घातलं. चाखलं नाही. आपल्या हातावर त्यांचा इतका विश्वास, की त्या चाखतच नाहीत. तेव्हा मला तुमचं ते पंगतीतलं वाक्य आठवलं. मावशी मीठ सगळ्यात शेवटी घालतात. मी बोलायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आणि त्यातून काय बाहेर पडलं असेल? "वा, काय घमघमाट सुटलाय!" मावशी लाजल्या. मी बाहेर जाऊन हिच्याशेजारी बसलो.

माणसं पुष्कळ होती. एका शाळेची शिक्षक मंडळी राजवाडा बघून आली होती आणि कोपऱ्यात रोजचे गिऱ्हाईक होते, समोरचे घड्याळवाले. ताटं आली. पहिला घास घेतला आणि सगळ्या खोलीत बोलणंच थांबलं. सभ्य लोक ते, नुसते पाण्याचे पेले उचलल्याचे आवाज. शेवटी घड्याळवाले उठले, गल्ल्यापाशी जाऊन सुनेच्या कानात काहीतरी बोलले. मावशी बाहेर आल्या. जन्मात जे केलं नाही ते त्यांनी केलं, घड्याळवाल्यांच्या ताटातून चमचाभर घेऊन तोंडाला लावलं. मग हळूच म्हणाल्या, "दोनदा घातलं वाटतं मी. आठवतच नाही मला."

बोलायची दुसरी वेळ ती होती. मी मूग गिळून बसलो. मूग कसले, रस्सा गिळला. एकेका टेबलाशी जाऊन मावशी माफी मागत होत्या, ताटं उचलत होत्या, आणि मी खाली मान घालून भराभर जेवत होतो. त्या आमच्यापाशी आल्या तोवर माझं ताट लख्ख झालेलं. मी म्हणालो, "अहो, छान झालाय की! मला तर बेताचा वाटला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "धंद्यातले आहात, म्हणून सांभाळून घेताय." मग एप्रन सोडला, घडी केली, डाव सुनेच्या हातात दिला आणि दारातल्या त्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसल्या. सून रडायला लागली. घड्याळवाले उगाच आपल्या मनगटावरचं घड्याळ कानाशी लावून बघत होते. मीठ मी घातलं होतं आणि माफी त्या मागत होत्या, साडूसाहेब. हे लिहिताना कान तापलेत माझे.

परतीच्या प्रवासात देवानं शिक्षा केली, पण ती पुरेशी नव्हती. खानावळीतला पाण्याचा जग मी एकट्यानं संपवला होता, त्यामुळे बस तीनदा थांबवावी लागली. तिसऱ्यांदा कंडक्टरनं विचारलं, काका, आता इथंच बिऱ्हाड करताय का? लोक हसले. मला बरं वाटलं, कोणीतरी बोललं एकदाचं. आणि मग ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वय झालं हो मावशींचं." मी म्हणालो, "हो." बाकी सगळ्याची लाज वाटते, पण या 'हो'ची जितकी वाटते तितकी कशाचीच नाही.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. पण ताईंच्या प्रत्येक फोनमधून एकेक नवीन कळतंय. मावशी स्वयंपाकघरात जात नाहीत. गॅसचं बटण बंद आहे ना, ते पुन्हा पुन्हा बघतात. सुनेला विचारतात, मी जेवले ना गं? डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले, सगळी उत्तरं धडाधड बरोबर. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्हाला काही झालेलं नाही. तर मावशींनीच त्यांना समजावलं, की डॉक्टर, तुम्ही त्या दिवशीचा रस्सा खाल्ला नाहीत. आणि आता म्हणे त्यांनी स्वतःच तुम्हाला सांगितलंय, मला घेऊन जा, माझ्या हातून काहीतरी भलतं होण्याआधी घेऊन जा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्यासी स्वतःच दोर घेऊन चाललाय आणि चोर घरी आळणी खाऊन शाबासकी मिळवतोय.

मावशींना काही झालेलं नाही, साडूसाहेब. त्यांनी मीठ एकदाच घातलं. बरोबर घातलं. शेवटी घातलं. त्यांना हे रविवारच्या आत कळलं पाहिजे.

ताईंना नमस्कार. आपला (म्हणायची मुभा अजून असेल तर),

धाकटा साडू

ता. क. – कळलं पाहिजे म्हणजे कोणी सांगायचं, हे वर राहून गेलं. मला वाटतं, तुम्ही सांगावं. तुम्ही त्यांचे लाडके, तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल. आणि सांगताना नाव घेतलंच पाहिजे असं नाही. 'कोणीतरी' म्हटलं तरी भागेल. शिक्षक मंडळींपैकी एखादा आत डोकावला होता, असं म्हटलं तर कोणाचं काय जातंय? शिक्षक पुष्कळ होते.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. रद्द समजावा. पत्र टेबलावर ठेवून मी पाकीट आणायला गेलो, तेवढ्यात हिनं वाचलं. पूर्ण वाचलं, मधलंसुद्धा. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. माझ्यापुढची आळणी आमटी उचलून तिनं मोरीत ओतली, आणि म्हणाली, "मला 'हो' म्हणालात तुम्ही बसमध्ये." एवढंच. मग मावशींचा नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला आणि दाराची कडी लावून दाराला टेकून उभी राहिली. पलीकडे घंटी वाजतेय. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन. अक्षर वाकडं आलं ते त्यामुळे.

ता. क. तिसरा – सांगितलं. फोन सुनेनं उचलला आणि मावशींना दिला. मी एका दमात सगळं बोललो, पंगतीतल्या त्या मनातल्या वाक्यासकट. मग मावशींनी विचारलं, "किती टाकलंत?" मी म्हणालो, मूठभर. "भरून?" मी म्हणालो, भरून. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे मी एकदाच घातलं होतं." आणि ते त्या पुन्हा म्हणाल्या. मला अजून शिव्या मिळालेल्या नाहीत. त्या रविवारी मिळणार आहेत, कारण त्यांनी बोलावलंय. दिवसभर कांदे चिरायचे आणि बरणीपासून हातभर लांब राहायचं. तेव्हा गाडी न्या, पण जाताना मला न्या आणि येताना मलाच आणा. खरं तर आता हे पत्र पाठवायची गरज उरलेली नाही. पण ही म्हणते, पाठवा, साडूंपुढं मान खाली घातल्याशिवाय ही खोड जायची नाही. म्हणून पाठवतो. पंगतीत याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी कान धरून बसेन.

आणि एक. बोलणं झाल्यावर मावशी फोन ठेवायला विसरल्या. आम्ही दोघं इकडे कान लावून बसलो होतो, तर त्यांचा आवाज आला, "अगं ए, माझा डाव कुठाय? आण इकडे! आणि घड्याळवाल्यांना सांग, आज जेवायला या." मग बराच वेळ नुसती भांड्यांची खडखड. फोन ठेवायला विसरल्या, हे मात्र कृपा करून डॉक्टरांना सांगू नका.